व्यावसायिक संघटनेच्या नामांकन समितीवर स्वयंसेवक म्हणून काम करावे का?

प्रश्न : ‘सकाळची तुकडी’

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून व्यायाम प्रशिक्षक म्हणून काम करतो आणि त्यांपैकी सात वर्षे आमच्या व्यावसायिक संघटनेचा सभासद आहे. सभासद म्हणून आजवर मी वर्गणी वेळेवर भरली, प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी लागणारे शिक्षणाचे तास पूर्ण केले, तीन अधिवेशनांना हजेरी लावली आणि मतपत्रिका आली की समोरच्या नावांपैकी ओळखीच्या नावावर खूण केली. ती नावे मतपत्रिकेवर येतात कशी, याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

गेल्या आठवड्यात संघटनेने सर्व सभासदांना पत्र पाठवून पुढील वर्षाच्या नामांकन समितीसाठी स्वयंसेवक मागवले आहेत. संचालक मंडळावरील तीन जागा आणि नियोजित अध्यक्षपद यांसाठी उमेदवार शोधणे, त्यांच्या मुलाखती घेणे आणि सभासदांच्या मतदानासाठी यादी तयार करणे, असे कामाचे स्वरूप पत्रात दिले आहे. मानधन नाही. अर्जाची मुदत तीन आठवड्यांची आहे.

माझ्या मनात काही शंका आहेत. मी कधीही कोणत्याही मंडळावर काम केलेले नाही. मग मंडळावर कोण असावे हे ठरवण्याचा अधिकार मला कसा पोहोचतो? समितीवर गेल्यास पुढे मला स्वतःला निवडणुकीला उभे राहता येते का? आणि ज्या प्रश्नाने मी खरोखर अडलो आहे तो असा, की या वर्षी उमेदवारी करण्याची शक्यता असलेल्या दोन व्यक्ती माझ्या जवळच्या आहेत आणि त्यांपैकी एकीकडून मी हे काम शिकलो. अशा स्थितीत अर्ज करणे योग्य ठरेल का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन.

उत्तर १ : ‘जुना सभासद’

आपला पहिला प्रश्न बहुतेकांना पडतो. तो ज्यांना पडतो अशीच माणसे समितीवर असावीत, असे माझे मत आहे. मी आमच्या संघटनेच्या नामांकन समितीवर दोन कार्यकाळ काम केले, त्यांपैकी दुसऱ्यात समितीचा अध्यक्ष होतो. त्या आधारावर लिहितो.

या कामाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा असतो, की अर्ज येतात, समिती ते चाळते आणि चांगले वेगळे काढते. खरे काम चाळण्याचे नाही, शोधण्याचे आहे. आपणहून अर्ज करणाऱ्यांत आत्मविश्वास असलेली, अधिवेशनांच्या व्यासपीठावर दिसणारी, मोठ्या केंद्रांच्या मालकीची किंवा विद्यापीठात पद असलेली माणसे अधिक असतात. त्यांत गैर काही नाही, परंतु संघटनेच्या सभासदांपैकी बहुसंख्य लोक पहाटेपासून रात्रीपर्यंत लोकांकडून प्रत्यक्ष व्यायाम करून घेणारे असतात आणि त्यांच्यातील समंजस, कष्टाळू माणसाला ‘आपण मंडळावर जावे’ असे कोणीतरी सांगितल्याशिवाय ते सुचतही नाही. ते सांगणारा कोणीतरी म्हणजे नामांकन समितीचा सदस्य. माझ्या पहिल्या वर्षी चार महिन्यांच्या कामातला निम्म्याहून अधिक वेळ मी फोनवर बोलण्यात घालवला, आणि त्यांतील बहुतेक संभाषणांची सुरुवात समोरच्या व्यक्तीच्या ‘छे, मी कुठे?’ या वाक्याने झाली.

क्रम साधारण असा असतो. प्रथम समिती उपविधी वाचते आणि प्रत्येक सदस्य गोपनीयतेचे व हितसंबंधांचे निवेदन लिहून देतो. त्यानंतर मंडळातून कोण निवृत्त होत आहे आणि त्यांच्याबरोबर कोणते कौशल्य बाहेर जात आहे याचा आढावा घेतला जातो. ताळेबंद वाचून कोशाध्यक्षांना नेमका प्रश्न विचारू शकणारी व्यक्ती उरते आहे का, प्रमाणपत्र परीक्षांचे कामकाज समजणारी आहे का, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांना व्यायाम देणाऱ्यांच्या अडचणी मांडणारी आहे का, समूहवर्ग घेणाऱ्यांच्या वतीने बोलणारी आहे का, हे पाहिल्यावाचून नावांवर चर्चा सुरू केली, तर चर्चा अपरिहार्यपणे ‘कोण अधिक प्रसिद्ध’ इथे येऊन थांबते. मग आवाहन, शोध, अर्ज, संदर्भांकडून माहिती, मुलाखती आणि शेवटी यादी.

यातील एक गोष्ट मी जरा तपशिलाने सांगतो. आमच्याकडे एका वर्षी १९ अर्ज आले होते. एक अर्ज चार पानी, सुबक, व्याख्यानांच्या व पुरस्कारांच्या यादीने भरलेला होता. दुसरा जेमतेम दीड पानाचा होता आणि त्यात ‘नेतृत्वाचा अनुभव’ या रकान्यापुढे त्या बाईंनी ‘नाही’ एवढेच लिहिले होते. त्या सहा वर्षे आमच्या नीतिविषयक तक्रारींच्या उपसमितीवर होत्या, हे अर्जाच्या शेवटच्या ओळीत ओझरते आले होते. प्राथमिक गुणांकनात त्यांचा अर्ज खालून तिसरा होता. आमच्यातील एका सदस्याने ती शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली, म्हणून त्यांना मुलाखतीला बोलावले गेले. सर्व उमेदवारांना आम्ही एकच प्रश्न विचारत होतो : बहुमताचा निर्णय आपल्याला पटला नाही तर आपण काय कराल? चार पानी अर्जवाल्या गृहस्थांचे उत्तर होते की मी सर्वांना पटवून देईन. या बाईंनी नावे न घेता एक प्रसंग सांगितला. छातीत अस्वस्थ वाटते असे सांगणाऱ्या व्यक्तीचा व्यायाम न थांबवणाऱ्या एका प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार आली होती, उपसमितीचा निर्णय चार विरुद्ध एक असा झाला आणि ते एक मत यांचे होते. त्यांनी आपला विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घेतला आणि त्यानंतर बहुमताचा निर्णय कळवणारे पत्र स्वतः लिहिले, कारण तो आता उपसमितीचा निर्णय होता. खोलीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

पुढील वर्षी आम्ही अर्जातील ‘नेतृत्वाचा अनुभव’ हा रकाना काढून टाकला आणि त्याऐवजी ‘इतरांसमवेत घेतलेल्या एखाद्या कठीण निर्णयाविषयी लिहा’ असे विचारले. चूक त्या बाईंची नव्हती, आमच्या रकान्याची होती. आपण मंडळावर काम केलेले नाही म्हणून स्वतःला अपात्र समजत आहात, तेव्हा हे आपल्यालाही लागू पडते.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. प्रत्येक सदस्याने आपले गुण चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे लिहून सचिवांकडे द्यावेत. पहिला बोलणारा ज्येष्ठ असेल तर बाकीचे गुण त्याच्या दिशेने सरकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उत्तर २ : ‘उपविधींचा वाचक’

वरील उत्तराला पूरक म्हणून नियमांच्या बाजूने काही मुद्दे मांडतो, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या संघटनेच्या उपविधींत आहे आणि ते प्रत्येक संघटनेत वेगळे असू शकते.

सभासंचालनाचे जे नियम जगभरातील असंख्य संस्था प्रमाण मानतात, ते हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रचलित आवृत्तीनुसार नामांकन समितीच्या सदस्याला स्वतः उमेदवार होण्यास मनाई नाही. त्यामागचे कारण विचार करण्यासारखे आहे : अशी मनाई असती, तर एखाद्या प्रबळ उमेदवाराला समितीवर नेमूनच शर्यतीतून बाद करता आले असते. तरीसुद्धा अनेक व्यावसायिक संघटनांनी आपल्या उपविधींत याच्या नेमके उलट लिहिले आहे, म्हणजे समितीवर असताना, आणि काही ठिकाणी त्यानंतरचे एक वर्षही, उमेदवारी करता येत नाही. संस्थेचे उपविधी आणि सर्वसाधारण नियमग्रंथ यांत विरोध आला तर उपविधी श्रेष्ठ ठरतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी ते कलम काढून वाचा. व्यक्तिशः मला ही मनाई योग्य वाटते, कारण शिफारस करणाऱ्यानेच स्वतःची शिफारस केली, तर नियमाने ती चालत असली तरी सभासदांच्या मनात किंतु राहतो.

त्याच नियमांचा दुसरा सल्ला असा, की संस्थेच्या अध्यक्षांनी नामांकन समिती नेमू नये आणि पदसिद्ध सदस्य म्हणून तिच्यावर बसूही नये. आपल्या समितीची रचना कशी आहे ते विचारा. विद्यमान अध्यक्ष मतासह समितीवर असतील, तर मंडळ स्वतःच स्वतःचे वारस निवडत आहे असा त्याचा अर्थ होतो. मावळत्या अध्यक्षांनी समितीचे निमंत्रक असण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. अनुभवाच्या दृष्टीने ती उपयुक्त आहे, परंतु बाकीचे सदस्य सभासदांतून आले असतील तरच.

तिसरी बाब यादीची. काही संघटनांत समिती प्रत्येक जागेसाठी एकच नाव सुचवते आणि मतदान म्हणजे केवळ मान्यता देणे असते. काही ठिकाणी प्रत्येक जागेसाठी दोन किंवा अधिक नावे द्यावी लागतात. एकच नाव देण्याच्या पद्धतीत समितीची जबाबदारी कितीतरी पटीने वाढते, कारण प्रत्यक्षात निवडणूक समितीच्या बैठकीतच होऊन जाते. अशा पद्धतीत ठरावीक संख्येने सभासदांच्या सह्या घेऊन स्वतंत्र उमेदवारी दाखल करण्याची वाट उपविधींत खुली आहे का, हे जरूर पाहा. ती वाट क्वचितच वापरली जाते, पण ती खुली असली की समिती अधिक सावधपणे काम करते.

नियोजित अध्यक्षपदाविषयी विशेष काळजी घ्या. त्या जागी निवडलेली व्यक्ती सामान्यतः आधी नियोजित अध्यक्ष, नंतर अध्यक्ष आणि त्यानंतर मावळते अध्यक्ष या नात्याने सलग मंडळावर राहते. म्हणजे मतदार एका पदासाठी मत देतात आणि निवड मात्र तीन पदांची होते.

उत्तर ३ : ‘यादीत नाव नसलेली’

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी एका संघटनेच्या मंडळासाठी मी अर्ज केला होता. संघटनेचे नाव येथे सांगण्याची गरज नाही.

अर्ज भरायला मला दोन रविवार लागले. मुलाखत पाऊण तासाची झाली आणि चांगली झाली असे मला वाटले. त्यानंतर पाच आठवडे काहीही कळले नाही. मग एके दिवशी सर्व सभासदांना जाहीर यादी आली आणि तिच्यात माझे नाव नव्हते. मला वेगळे पत्र नाही, फोन नाही. तेवढ्यावर थांबले असते तर मी विसरून गेले असते. परंतु पुढच्याच महिन्यात एका कार्यशाळेच्या वेळी, कपडे बदलण्याच्या खोलीत, माझ्याहून बऱ्याच कनिष्ठ असलेल्या एका प्रशिक्षिकेने मला सहानुभूतीने सांगितले, की समितीला तुम्ही उत्साही वाटलात, पण तुमच्या मागे शास्त्रीय पार्श्वभूमी कमी पडते असे त्यांचे म्हणणे होते. तिला ते समितीतील एका सदस्याने चहाच्या वेळी सांगितले होते. मी हातातला टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला आणि पुन्हा बाहेर काढून पुन्हा घडी केली, एवढे मला आठवते. नकाराचे दुःख मला झाले नाही; माझ्याविषयीचे मत माझ्याखेरीज इतरांना ठाऊक होते, याचे झाले. त्या संघटनेसाठी मी त्यानंतर कोणतेही स्वयंसेवी काम केलेले नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. आपण समितीवर गेलात तर पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी ठरवून घ्या. ज्यांची निवड होणार नाही त्यांना यादी जाहीर होण्यापूर्वी कोण फोन करेल आणि काय सांगेल, हे लेखी ठरू द्या. आणि गोपनीयता समितीचा कार्यकाळ संपल्यावरही संपत नाही, हे प्रत्येकाकडून स्पष्टपणे मान्य करून घ्या. आपले क्षेत्र लहान आहे. आज जिला नाकारले तिच्याशेजारी उद्या आपल्याला त्याच सभागृहात काम करायचे असते.

उत्तर ४ : ‘समूहवर्ग’

उत्तर १ मधील कौशल्यांच्या आढाव्याविषयी थोडी असहमती नोंदवते. आढावा हवाच, पण तो कोण लिहितो यावर बरेच अवलंबून असते. मंडळावर आधीच असलेल्या माणसांनी तो तयार केला, तर त्यात त्यांच्याजवळ असलेलीच कौशल्ये दिसतात आणि यादी पुन्हा त्यांच्यासारख्याच माणसांची बनते. वरील उत्तरातील अनुभव हेच दाखवतो : ‘शास्त्रीय पार्श्वभूमी’ हे शब्द कोणत्या पदासाठी, किती आवश्यक, हे आधी ठरलेले नसेल तर ते नंतर कोणालाही वगळण्यासाठी वापरता येतात.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही या क्षेत्रातील जगातील सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक. तिची स्थापना १९५४ मध्ये डॉक्टर, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि शारीरिक शिक्षणाचे अध्यापक अशा तीन प्रकारच्या लोकांनी एकत्र येऊन केली. म्हणजे एकाच व्यवसायाच्या हाती सूत्रे राहू नयेत हा विचार मुळातच होता. तरीही तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, बार्बरा ड्रिंकवॉटर, यायला १९८८ उजाडावे लागले. चौतीस वर्षांत पात्र स्त्रिया नव्हत्या, असे मला वाटत नाही. नाव सुचवणाऱ्यांची नजर कुठपर्यंत पोहोचते, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आजच्या काळात ही नजर वेळापत्रकातही अडकते. माझे वर्ग सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचनंतर असतात, आणि बहुतेक समूहवर्ग प्रशिक्षकांचे असेच असते. मंडळाच्या बैठका संध्याकाळी सहाला ठेवल्या की आमच्यासारख्यांनी उभे न राहण्याची व्यवस्था आपोआप होते; कोणी जाणूनबुजून केलेली नसते, पण होते. आपण समितीवर गेलात तर उमेदवारांना विचारण्यापूर्वी मंडळालाच विचारा, की बैठका केव्हा असतात, प्रवासाचा खर्च कोण करतो आणि एका वर्षात एकूण किती दिवस द्यावे लागतात. ती उत्तरे आवाहनाच्या पत्रातच छापा. आमच्यापैकी काहीजण केवळ ती माहिती नसल्यामुळे अर्ज करत नाहीत.

‘सकाळची तुकडी’ यांचे पुन्हा निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. उपविधी काढून वाचले. आमच्याकडे समितीवर असताना उमेदवारी करता येत नाही, कार्यकाळ संपल्यावर मात्र येते. अध्यक्ष समितीवर नाहीत. मावळते अध्यक्ष निमंत्रक आणि सहा सदस्य सभासदांतून, अशी रचना आहे. ‘यादीत नाव नसलेली’ यांचा अनुभव वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. त्यांनी तो लिहिला याबद्दल विशेष आभार.

माझा तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे आणि तो अधिक स्पष्ट करतो. ज्या व्यक्तीकडून मी हे काम शिकलो, ती प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीचे शिकवणी वर्ग चालवते आणि ती या वर्षी उभी राहणार असे ऐकतो आहे. मी त्या वर्गांत दोन वर्षे सहायक म्हणून काम करून मोबदला घेतला आहे. हे अर्जात लिहावे की निवड झाल्यावर सांगावे?

‘जुना सभासद’ यांचे उत्तर

अर्जातच लिहा, आणि मोबदल्याचा उल्लेख स्पष्टपणे करा. नाते असणे हा दोष नाही. आपल्या क्षेत्रात प्रत्येकाने कोणाकडून तरी शिकलेले असते, आणि कोणाशीच संबंध नसलेली माणसे शोधत बसलो तर समितीच बनणार नाही. ते उशिरा कळणे हा दोष आहे. त्या एका जागेची चर्चा, मुलाखत आणि गुणांकन चालू असताना आपण खोलीबाहेर बसाल आणि तशी नोंद इतिवृत्तात होईल. केवळ मत न देणे पुरेसे नाही, कारण आपण समोर बसलेले असताना इतर सदस्य मोकळेपणाने बोलणार नाहीत. शिवाय त्या जागेचे इतर सर्व उमेदवारही आपल्याला वर्ज्य ठरतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्या गुरूंना गुण द्यायचे नाहीत, पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना द्यायचे, असे करता येत नाही.

आपण ज्या शिकवणी वर्गांचा उल्लेख केलात, त्यात उमेदवाराच्या बाजूचाही एक प्रश्न आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय आयोगाच्या मानकांनुसार प्रमाणपत्रविषयक निर्णय आणि परीक्षेचे शिक्षण-प्रशिक्षण यांत अंतर राखावे लागते. आपली संघटना स्वतः परीक्षा घेत असेल, तर तयारीचे वर्ग चालवणारी व्यक्ती मंडळावर आल्यास परीक्षेसंबंधीच्या कोणत्या चर्चांपासून तिला दूर राहावे लागेल, हे समितीने त्या उमेदवाराला मुलाखतीत विचारले पाहिजे. तो प्रश्न आपण विचारू शकणार नाही, पण आपल्या निवेदनामुळे इतरांना तो विचारण्याचे स्मरण होईल.

दुसऱ्या परिचित व्यक्तीशी आपला आर्थिक संबंध नसेल, तर ओळखीची नोंद करून ठेवा आणि बाहेर बसायचे की नाही हा निर्णय समितीवर सोडा.

‘सकाळची तुकडी’

आज दुपारी अर्ज पाठवला. हितसंबंधांच्या रकान्यात दोन्ही नावे, नात्याचे स्वरूप, मोबदल्याची दोन वर्षे आणि एकूण रक्कम लिहिली आहे. अर्ज पाठवण्यापूर्वी माझ्या गुरूंना फोन करून हे सर्व सांगितले; निवड झाली तर या विषयावर आपण वर्षभर बोलणार नाही, असेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, की अर्जात रक्कम बरोबर लिहिली आहेस ना, कारण दुसऱ्या वर्षी मी तुला दोन महिन्यांचे जास्तीचे दिले होते. मी वही काढून पाहिले. त्यांचे बरोबर होते. आकडा दुरुस्त करूनच अर्ज पाठवला.